ताइऱ्यो! भरलेल्या जाळ्याचा शब्द आणि फ्रेझर नदीचं मुख

रिचमंडमधल्या एका मैत्रिणीच्या घरी जेवायला गेले होते. तिचे पणजोबा जपानहून इथे आलेले. म्हणजे ती कॅनडात जन्मलेल्या जपानी लोकांची तिसरी पिढी, आणि जपानी येत नाही म्हणून कायम थोडी अपराधी. (ओळखीचं वाटतंय ना?) जेवणानंतर तिची आई तळघरातून एक घडी केलेलं कापड घेऊन आली. उलगडलं तर पलंगाच्या चादरीएवढं निशाण. लाल सूर्य, निळ्या लाटा, उसळी मारणारा एक जाडजूड तांबडा मासा आणि सगळ्यांच्या वर काळ्या रंगात दोन भलीमोठी अक्षरं. आजोबांनी सत्तरच्या दशकात नवी बोट घेतली तेव्हा जपानमधल्या नातेवाइकांनी पाठवलं होतं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"ताइऱ्यो," काकू म्हणाल्या. "भरपूर मासे." मग जरा थांबून, "बाबांनी ते बोटीवर एकदाच लावलं. म्हणायचे, आधी तेवढे मासे तर मिळू देत."

पॉडकास्टच्या या भागात आम्ही स्टीव्हस्टनबद्दल बोललो, तेव्हा हा शब्द दोनदाच आला आणि पुढे निघून गेला. मला मात्र तो सोडवेना. म्हणून हा लेख.

आधी शब्दच बघू. जपानीत भरपूरपणाला शब्दांची कमी नाही. 'युताका' म्हणजे समृद्ध, भरलेलं. माणसाच्या मनालाही लागतं, जमिनीलाही. ज्या चिनी अक्षराने ते लिहितात तेच 'होनेन' म्हणजे चांगल्या पिकाच्या वर्षात येतं, आणि तेच 'तोयो' असं वाचून आडनावांत येतं. टोयोटा हे मूळचं 'तोयोदा' आडनाव, अक्षरांचा अर्थ भरघोस पिकाचं भातखाचर. म्हणजे तुमच्या बाबांची कोरोला चालते ती एका सुगीच्या नावाने! पण हे सगळे जमिनीचे शब्द. समुद्राचा शब्द वेगळा आहे. ताइऱ्यो. पहिलं अक्षर 'मोठं', दुसरं 'मासेमारी', आणि त्या दुसऱ्या अक्षरात एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला मासा. बातम्यांत यंदा मासळी भरपूर आली असं सांगायचं असेल तर 'होऱ्यो' हा कोरडा शब्द चालतो. ताइऱ्यो हा ओरडून म्हणायचा शब्द आहे.

आणि दाखवायचा. 'ताइऱ्यो-बाता' म्हणजे ताइऱ्योचं निशाण. बोट भरून परत येत असेल तर ते उभारायचं, म्हणजे किनाऱ्यावरच्यांना दुरूनच कळतं आणि उतरवून घ्यायला माणसं जमतात. पुढे ही निशाणं मुख्यतः भेट द्यायची वस्तू झाली. नवी बोट पाण्यात उतरली की नातेवाईक, दोस्त, व्यापारी एकेक निशाण देतात. नवीन वर्षाला बंदरातल्या बोटींवर ती फडकतात, लग्नातही दिसतात. त्यावर तांबडा 'ताई' मासा, बगळ्यासारखा त्सुरू पक्षी, कासव, नाहीतर खजिन्याचं जहाज. त्या जहाजात सात शुभदेवता बसलेल्या असतात, आणि इथे आपल्याला हसू येतं, कारण त्यातली बेन्झाइतेन ही मुळात आपली सरस्वती आणि भाताच्या पोत्यांवर उभा राहणारा गुबगुबीत दाइकोकू हा मुळात महाकाल. कोळ्यांचा देव एबिसू मात्र अस्सल तिथला. हातात गळ, काखेत मासा, चेहऱ्यावर हसू.

टोकियोजवळच्या बोसो द्वीपकल्पावर एक प्रथा होती. हंगामात फारच मोठा मासा लागला की बोटीचा मालक सगळ्या खलाशांना सारखे, रंगीत छापाचे लांब अंगरखे शिवून द्यायचा. त्यांना 'माइवाई' म्हणत. ते घालून सगळे एकत्र देवळात जायचे. संग्रहालयांतले माइवाई फार देखणे आहेत. पण मला त्यांच्या सौंदर्यापेक्षा त्यांचं काम महत्त्वाचं वाटतं. मासे मालकाचे, बोट मालकाची, जाळं मालकाचं. तरी ताइऱ्यो झालं हे गावाला दिसायचं ते खलाशांच्या अंगावर. वाटा दिल्याशिवाय भरपूरपणा पुरा होत नाही, असा काहीसा त्याचा हिशेब.

आपल्याकडे हे खळ्यावर होतं. मळणी झाली, धान्याची रास पडली की ती मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन... माझी आजी डब्यात तांदूळ मोजून घालतानासुद्धा असंच मोजायची. आणि रास घरी जायच्या आधी त्यातून सुताराचं, लोहाराचं, कुंभाराचं, परटाचं बलुतं निघायचं. इथे फार गोड व्हायला नको. कोणाला किती, कोणाला आधी आणि कोणाला राशीपासून लांब उभं राहून, हे जात ठरवायची. माइवाई घेणाऱ्या खलाशालाही तो अंगरखा विकून पोट भरता येत नव्हतं. एवढंच म्हणते, की या शब्दांत वाट्याचा प्रश्न आधीपासून शिवलेला होता. कॅनडात त्याचं काय झालं ते बघायचंय.

जपानच्या वाकायामा प्रांतात मिओ नावाचं समुद्रकाठचं एक लहानसं गाव आहे. शेतजमीन थोडी, आणि मासेमारीच्या हद्दीवरून शेजारच्या गावांशी तंटे. तिथला गिहेई कुनो नावाचा सुतार १८८८ मध्ये फ्रेझर नदीच्या मुखाशी, स्टीव्हस्टनला पोचला. नदीत सॅमन मासे इतके होते की त्याने गावाकडे निरोप धाडला, लोकांना बोलावून घेतलं. मग भाऊबंद आले, शेजारी आले, शेजाऱ्यांचे मेहुणे आले. पुढच्या काही दशकांत मिओमधली इतकी घरं इकडे गुंतली की त्या गावाला जपानमध्ये आजही 'अमेरिका-मुरा' म्हणजे अमेरिका-गाव म्हणतात. गेले कॅनडाला, नाव पडलं अमेरिकेचं. आपल्या गावाकडेही "मुलगा अमेरिकेत असतो" म्हणजे टोरोंटोत असू शकतो, तसंच. परत आलेल्यांनी परदेशी धाटणीची घरं बांधली, बोलीत इंग्रजी शब्द आणले.

कुनोचा निरोप खोटा नव्हता. फ्रेझरचा सॉकाय जातीचा सॅमन हा खरोखर चमत्कार आहे. गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जातो, आणि बहुतेक मासे चौथ्या वर्षी अंडी घालायला त्याच ओढ्यात परत येतात. त्यामुळे दर चार वर्षांनी एक प्रचंड लाट यायची. १९०१, १९०५, १९०९, १९१३ ही अशी मोठी वर्षं. मस्क्विअम आणि स्टोलो हे इथले मूळ लोक हजारो वर्षं या माशांवर जगत आले होते. हंगामातला पहिला सॅमन ते समारंभाने सगळ्यांत वाटून खातात आणि त्याची हाडं नदीला परत देतात. वाटा इथेही होताच, आणि त्यात नदीचाही.

पण कुनो ज्या स्टीव्हस्टनला उतरला तिथला मालक वेगळ्या प्रकारचा होता. तो म्हणजे कॅनरी, मासे डबाबंद करण्याचा कारखाना. नदीकाठी अशा डझनभराहून जास्त कॅनऱ्या ओळीने उभ्या होत्या. त्यांपैकी १८९४ साली बांधलेली गल्फ ऑफ जॉर्जिया कॅनरी आज संग्रहालय म्हणून उभी आहे. व्हॅनकूवरकडे राहत असाल तर एकदा जाच. जुन्या लाकडी जमिनीवरून चालताना खालून नदी दिसते. एका खोक्यात एक-एक पौंडाचे ४८ डबे, आणि ती खोकी मुख्यतः ब्रिटनला जायची. मासे कापायला चिनी कामगार, डबे भरायला मूळनिवासी बायका आणि पुढे पाठीला बाळ बांधलेल्या जपानी बायका. नंतर मासे कापायचं एक यंत्र आलं, त्याला मालकांनी चिनी लोकांना दिल्या जाणाऱ्या शिवीवरूनच नाव दिलं. माणसाची जागा घेतली आणि वर शिवीही ठेवली!

आता एक गंमत. गंमत म्हणू का नको कळत नाही. जपानीत 'ताइऱ्यो' या उच्चाराचा आणखी एक शब्द आहे. लिहितात वेगळं: पहिलं अक्षर तेच 'मोठं', दुसरं मात्र 'माप' या अर्थाचं. हा ताइऱ्यो म्हणजे मोठं प्रमाण, घाऊक. कारखान्यातल्या घाऊक उत्पादनाला हाच शब्द लावतात, घाऊक संहार करणाऱ्या शस्त्रांनाही हाच. कानाला फरक कळत नाही. मिओचे लोक पहिला ताइऱ्यो मनात घेऊन आले आणि पोचले ते दुसऱ्या ताइऱ्योत, असं मला सारखं वाटतं.

याचा पुरावा म्हणून १९०० सालचा संप बघा. त्या जुलैत फ्रेझरवरच्या कोळ्यांनी एका सॉकायला २५ सेंट मागितले. कॅनरीवाले काय देऊ करत होते? आठवड्यातल्या पहिल्या ६०० माशांना २० सेंट, त्यापुढच्या प्रत्येकाला १५. म्हणजे जाळं जितकं भरेल तितकी माशाची किंमत कमी. निशाण उभारावं अशा दिवशी दर पडणार! जपानी कोळ्यांच्या संघटनेने हा दर मान्य केला आणि ते नदीत उतरले. संप फुटला असं गोरे कोळी म्हणाले. स्टीव्हस्टनमध्ये लष्कर आणलं गेलं, आणि शेवटी बाकीच्यांनी १९ सेंटवर समेट केला. जपानी कोळ्यांना फितूर ठरवणं सोपं आहे, पुष्कळ वर्षं इतिहासात तसंच लिहिलं गेलं. पण बोट कॅनरीकडून उधारीवर, जाळं उधारीवर, राहायची खोली मुकादमामार्फत, आणि गावाकडे पैसे पाठवायचे. त्यांच्यापाशी हंगाम वाया घालवायची सोयच नव्हती. त्यांनी चूक केली असं मला वाटतं, आणि त्यांच्या जागी मीही तीच केली असती असंही वाटतं.

पुढच्या वर्षी, १९०१ मध्ये, लाट आली. मासे इतके, की कॅनऱ्यांना डबे भरणं झेपेना. त्यांनी बोटीमागे मर्यादा घातली. त्यावरचे मासे कोणी घेईना, ते मेलेले परत पाण्यात जायचे. खळ्यावर रास पडलीय आणि मापं संपलीत अशी अवस्था.

मग १९१३. त्या वर्षीही नदी भरून वाहत होती. वरच्या अंगाला, हेल्स गेट नावाच्या अरुंद घळीत रेल्वेमार्गाचं काम चालू होतं, आणि सुरुंगाने फोडलेला दगड सरळ नदीत ढकलला जात होता. पाण्याचा वेग इतका वाढला की लाखो मासे वर चढूच शकले नाहीत, घळीखाली तडफडून मेले. मूळनिवासी लोकांनी टोपल्यांत घालून मासे हाताने पलीकडे नेले. १९१४ मध्ये वर दरड कोसळली. चार वर्षांनी, १९१७ ला, मोठ्या लाटेची पाळी आली तेव्हा लाट आलीच नाही. घळीत मासे चढायला वाटा बांधल्या गेल्या त्या १९४५ च्या सुमारास.

मासे कमी झाले की एकच प्रश्न उरतो: कोणाला बाहेर काढायचं? उत्तर तयारच होतं. जपानी कोळ्यांना मतदानाचा हक्क नव्हता. तोमेकिची होम्मा नावाच्या गृहस्थांनी तो कोर्टात मागितला, ब्रिटिश कोलंबियात जिंकलेही, पण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९०२ च्या डिसेंबरात निकाल फिरवला. (आपल्या लोकांसाठी हे परकं नाही. १९०७ मध्ये याच प्रांताने भारतीयांचंही मत काढून घेतलं, ते १९४७ ला परत मिळालं. जपानी लोकांना १९४९ पर्यंत थांबावं लागलं.) मत नाही म्हणजे राजकारणी माणसाला तुमची भीती नाही. १९२२ मध्ये सरकारी आयोग बसला, आणि त्यानंतर जपानी कोळ्यांचे परवाने पद्धतशीर कमी करत नेले. जन्माने ब्रिटिश प्रजा असलेले किंवा नागरिकत्व घेतलेले लोक होते हे. तरीही या मंडळींनी स्टीव्हस्टनला स्वतःच्या वर्गणीतून कोळ्यांचं हॉस्पिटल उभारलं, शाळा काढली. कोळी संघटनेची ती छोटी लाकडी इमारत आज स्टीव्हस्टन म्युझियमच्या आवारात आहे. माझ्या दृष्टीने खरा माइवाई तीच.

डिसेंबर १९४१. पर्ल हार्बर झालं आणि काही दिवसांत जपानी मालकांच्या सुमारे १२०० बोटी सरकारने ताब्यात घेतल्या. बोटीवाल्यांनाच त्या ओळीने हाकत न्यू वेस्टमिन्स्टरपर्यंत आणून बांधायला लावलं. जानेवारीपासून त्या विकायला सरकारी समिती. घेणारे बरेचसे कॅनरीवाले आणि शेजारचे कोळी. मग फेब्रुवारी १९४२ चा हुकूम, आणि किनाऱ्यापासून १०० मैलांच्या पट्ट्यातून सुमारे २२,००० जपानी वंशाची माणसं हलवली गेली. काहींना आधी व्हॅनकूवरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये, गुरांच्या गोठ्यांत ठेवलं. घरं, शेतं, दुकानं मालकांना न विचारता विकली. युद्ध संपल्यावरही किनाऱ्यावर परतायला परवानगी नव्हती. ती १ एप्रिल १९४९ ला मिळाली.

मैत्रिणीचे आजोबा तेव्हा विशीत होते. ते परत आले. पुष्कळ मिओवाले परत आले, कारण कॅनऱ्यांना सरावलेले हात हवेच होते. काकू सांगत होत्या, आपल्या वडिलांची विकलेली बोट त्यांनी एकदा धक्क्यावर पाहिली. नाव बदललेलं, रंग बदललेला, पण नाकाडाच्या फळीवरून ओळखली. काही बोलले नाहीत. घरी येऊन फक्त "ती अजून चालते" म्हणाले.

आता त्या निशाणाकडे परत येऊ. एवढं सगळं झाल्यावर 'भरपूर मासे' असं कापडावर लिहून कोणी का पाठवतं, आणि ठेवणारा का ठेवतो? मला आधी वाटायचं की हा शब्द म्हणजे बढाई, 'बघा आम्ही किती पकडलं'. पण उपयोग बघत गेले तसं उलटं दिसायला लागलं. नव्या बोटीला निशाण देतात तेव्हा तिने एकही मासा पकडलेला नसतो. ईशान्य जपानच्या केसेन्नुमा बंदरात लांबच्या सफरीला निघालेल्या बोटींना निरोप देताना लोक ही निशाणं हलवतात, म्हणजे बोट रिकामी असते तेव्हा. आणि २०११ च्या त्सुनामीत त्या किनाऱ्यावरची बंदरंच्या बंदरं वाहून गेली, त्यानंतर चिखलातून उरलेल्या बोटींवर पुन्हा ही निशाणं लागली. मासा नव्हता, बर्फाचा कारखाना नव्हता, बाजार नव्हता.

आपली भाषा हेच करते. पीठ संपलं म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं. बांगडी फुटली की वाढली. नारळ फोडत नाही, वाढवतो. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात तेव्हा पावसाळ्याची बंदी नुकतीच उठलेली असते, घरात दोन महिन्यांची चणचण असते. आणि जाताना "जातो" न म्हणता "येतो". टोरोंटोच्या विमानतळावर "येते हं" म्हणून निघालेली आणि नऊ वर्षांत दोनदाच घरी गेलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांपैकी एक मीच.

आमच्या भागाच्या पाहुण्यांना मी रेकॉर्डिंगनंतर विचारलं होतं, की कुनोचा तो निरोप इतक्या लोकांना ओढून आणणारा, मग पुढे गेलेल्यांनी गावाला खरी परिस्थिती कळवलीच नसेल का? ते हसले. म्हणाले, तू घरी काय कळवतेस? मी पहिल्या हिवाळ्यात आईला व्हिडिओ कॉलवर पहिला बर्फ दाखवला होता, तळघरातली खोली दाखवली नव्हती. भाडं किती ते विचारल्यावर आकडा रुपयांत करून सांगितला नव्हता. माझ्यानंतर गावातून दोघं आले, माझ्याच शब्दावर. कुनोच्या पत्रापेक्षा माझा निरोप जास्त खरा होता, असं मी छातीठोक सांगू शकणार नाही.

फ्रेझरमधले मासे आता कसे आहेत? बेभरवशाचे. २००९ मध्ये एक कोटीहून जास्त सॉकाय येतील असा अंदाज होता, आले सुमारे १५ लाख. सरकारने न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचं कामकाज चालू असतानाच, २०१० मध्ये, जवळजवळ तीन कोटी आले! २०२० मध्ये तीन लाखांच्याही खाली. आयोगाला एक कारण सापडलं नाही. तापणारं पाणी, माशांची शेती, रोग, जंगलतोड अशी साखळीच निघाली.

स्टीव्हस्टनच्या पश्चिम टोकाला गॅरी पॉइंट पार्कमध्ये कुनोच्या नावाची एक छोटी जपानी बाग आहे. तो आल्याला शंभर वर्षं झाली म्हणून १९८८ मध्ये केलेली. त्याच वर्षी, २२ सप्टेंबरला, कॅनडा सरकारने संसदेत माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक विस्थापिताला २१,००० डॉलर दिले. काकूंच्या वडिलांनी त्या पैशांतून काय घेतलं विचारलं, तर म्हणाल्या, बोटीचं इंजिन. जवळच कोळ्यांचं स्मारक आहे, जाळं विणायच्या सुईच्या आकाराचं. त्यावर समुद्रात गेलेल्यांची नावं आहेत, त्यांत जपानी नावं पुष्कळ.

परवा मैत्रिणीबरोबर धक्क्यावर गेले होते. बोटींवरूनच मासे विकतात तिथे. विकणारे एक म्हातारे जपानी काका चिमटीने कोळंबी टाकीतून काढून पिशवीत टाकत, जपानीत मोजत होते: इची, नी, सान... मी त्यांना आमच्याकडे पहिल्याला एक म्हणत नाहीत हे सांगितलं. लाभ म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लांबची गोष्ट आहे, पण साधारण ताइऱ्यो. त्यांनी पिशवी परत टाकीत रिकामी केली आणि पुन्हा मोजायला घेतली. "ताइऱ्यो, नी, सान..."

पिशवीत एक जास्त निघाली. ती त्यांनी परत घेतली नाही.